वर्गशिक्षकाच्या घरची चिठ्ठी

चिंतामणरावांवर चार शब्द लिहून द्या, असं शाळेनं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. श्रद्धांजलीच्या अंकात सगळीच माणसं देवमाणसं होतात, आणि चिंतामणराव देवमाणूस नव्हते. चहा बशीत ओतून फुर्रकन पिणारे, तासाला उशीर झाला तर भिंतीवरच्या घड्याळालाच खोटं पाडणारे, हट्टी आणि मनातून थोडे भित्रे असे ते चिखलीतल्या आमच्या शाळेत मराठीचे मास्तर होते. मी गणित शिकवायचो. सत्तावीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. मी हे जे लिहितोय ते अंकात छापलं जाईल असं मला वाटत नाही, आणि छापूही नये. पण लिहून काढल्याशिवाय मला आता चैन पडणार नाही.

त्यांचं एक काम मात्र मोठं होतं. ते आठवीचे वर्गशिक्षक होते आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास गोष्टीचा असायचा. त्याची सुरुवात एका भांडणातून झाली. वर्गात कोणीतरी कोणाबद्दल तरी म्हणालं, "त्यांच्यात असंच असते, सर." चिंतामणरावांनी फळ्यावर 'त्यांच्यात' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, त्यावर फुली मारली आणि सांगितलं, हा शब्द आजपासून या वर्गात बंद. मग ते पुस्तकांतल्या गोष्टी वाचून दाखवू लागले, निरनिराळ्या मुलखातल्या, निरनिराळ्या धर्माच्या माणसांच्या. पोरं ऐकायची, हळहळायची आणि मधल्या सुटीत पुन्हा आपापल्या टोळक्यात जाऊन डबे उघडायची. चिंतामणरावांना कळून चुकलं की सातासमुद्रापलीकडच्या माणसाबद्दल माया वाटायला आठवीच्या पोराला काही अडचण नसते. अडचण असते ती मागच्या गल्लीतल्या माणसाची.

म्हणून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. खडूच्या रिकाम्या खोक्यात वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या घराची चिठ्ठी टाकायची. तिच्यावर आपलं नाव, पत्ता आणि घरात गोष्ट कोण सांगणार ते. मग एकेकानं उठून एक चिठ्ठी उचलायची, न उघडता सरांच्या हातात द्यायची, सर ती मोठ्यानं वाचणार. ज्या घरची निघेल त्या घरी रविवारी जायचं. तिथं जे शिजलं असेल ते खायचं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक खरी घडलेली गोष्ट ऐकायची. पुढच्या शनिवारपासून एकेकानं ती वर्गात सांगायची, पण 'मी' म्हणून. 'त्यांचे आजोबा', 'त्यांची आई' असं काही चालणार नाही. गोष्ट संपली की चिंतामणराव एकच प्रश्न विचारायचे, "जेवायला काय होतं?"

पहिल्याच वर्षी एका माळ्याच्या पोराला एका मुसलमान मुलीचं घर निघालं. तिची नानी रोहिणखेडची, तिथल्या जुन्या मशिदीच्या सावलीत वाढलेली. पोरगा वर्गात उभा राहून म्हणाला, "मी पह्यला रोजा ठेवला तवा मी सात वर्साची होती." वर्ग खो खो हसला. पोरगा लाल झाला, पण नियम म्हणजे नियम. दुपारी मशिदीमागच्या रांजणातलं पाणी आपण चोरून कसं प्यालो, कोणी पाहिलं नाही तरी घरी येऊन कसं रडलो आणि अब्बांनी न रागावता डोक्यावर हात कसा ठेवला, हे सांगता सांगता तो स्वतःच रडवेला झाला. हसणारे केव्हा गप्प झाले ते त्यांनाही कळलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या वर्षापासून शनिवारचा माझा मोकळा तास मी तिथंच काढायला लागलो.

तक्रारी आल्या. आमच्या पोराला कुठंकुठं जेवायला पाठवता, म्हणून पालक मुख्याध्यापकांकडे गेले. चिंतामणराव तेव्हा अजिबात डगमगले नाहीत. पालकसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, "ज्यांना मूल पाठवायचं नसेल त्यांनी शनिवारी यावं आणि वर्गात, मुलांच्या समोर, कारण सांगावं." एकही पालक आला नाही. मी त्या दिवशी त्यांना स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

नऊ वर्षं असं चाललं. मग दोन हजार बाराच्या जूनमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, मधुवंती, त्यांच्याच वर्गात आली.

चिठ्ठ्यांच्या दिवशी सकाळी ते स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गोकुळराव, मधुवंतीला चिठ्ठी टाकू नको म्हणून सांगितलंय. म्हणजे शेवटी एक मूल उरेल. ते तुमच्याकडे पाठवतो."

"काऊन?" मी विचारलं.

"वर्गशिक्षकाच्या घरी मुलं संकोचतात हो. आणि आमच्याकडे आई आहे. तिचं सोवळंओवळं तुम्हाला माहीतच आहे. या वयात तिला कशाला त्रास?"

मला माहीत होतं का? बस स्टँडमागच्या त्यांच्या तीन खोल्यांच्या घरी मी पंधरा वर्षं जात होतो आणि पंधरा वर्षं बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसत होतो. स्नेहलतावहिनी चहा तिथंच आणून द्यायच्या. आत कधी बोलावलं नाही, मीही कधी डोकावलो नाही. त्यांची आई मला पडद्यामागच्या खोकल्यापुरतीच माहीत होती. 'त्यांच्यात' हा शब्द वर्गात बंद होता, पण 'आमच्याकडे' हा शब्द कोणी बंद केलेला नव्हता. हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी म्हणालो, "पाठवा की. बरं केलं, घरात उगाच वाद नको." हे माझे शब्द आहेत. ते मला विसरता येत नाहीत.

वर्गात अडतीस मुलं होती. म्हणजे खोक्यात सदतीस चिठ्ठ्या, आणि शेवटचं मूल माझ्या घरी. कोण उरतंय ते बघावं म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मुलं उठत होती, चिठ्ठ्या वाचल्या जात होत्या, वाचलेल्या चिठ्ठ्या टेबलावर पडत होत्या. साधारण मध्यावर धम्मशीला उठली. एस.टी. डेपोतले मेकॅनिक भाऊराव यांची ही मुलगी. बौद्ध कुटुंब, घरी शिकण्याचा मोठा सोस. पोरगी बोलायला कमी, पण फळ्यावर माझं गणित चुकलं तर हात वर करून सांगणारी. तिनं चिठ्ठी उचलली आणि सरांना दिली.

चिंतामणरावांनी चिठ्ठी उघडली, वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग वर न बघता म्हणाले, "या वेळी एक चिठ्ठी शिक्षकाच्या घरची आहे. गोकुळ सरांचं घर." आणि ती चिठ्ठी त्यांनी टेबलावर टाकली नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

धम्मशीलानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं, शेवटपर्यंत न थांबता त्यांनी आताच माझं नाव घेऊन टाकलं असेल. मग शेवटचा मुलगा उठला, त्यानं खोक्यात हात घातला आणि त्याच्याही हाताला चिठ्ठी लागली. खोकं तेव्हा रिकामं असायला हवं होतं. सगळ्यांच्या घरांची नावं वाचून झाली होती, एका मधुवंतीचं सोडून. मी तिच्याकडे पाहिलं. ती तिसऱ्या बाकावर बसून वडिलांच्या खिशाकडे टक लावून बघत होती.

म्हणजे पोरीनं चिठ्ठी टाकली होती. बापानं नको म्हटलं तरी टाकली होती, ती धम्मशीलाला निघाली होती, आणि नऊ वर्षं खरी गोष्ट सांगा म्हणणाऱ्या माणसानं भरवर्गात खोटं वाचलं होतं. मला उभं राहून एवढंच म्हणता आलं असतं, "सर, चिठ्ठी दाखवा." मी मूग गिळून बसलो.

रविवारी धम्मशीला माझ्या घरी आली. इस्त्रीचा ड्रेस, दोन घट्ट वेण्या, हातात घरून दिलेली पेरूंची पिशवी. कोकिळानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मुगाची डाळ, भाकरी आणि ठेचा केला होता.

"काकू, मले कांदा चिरू द्या," पोरगी म्हणाली.

"बस वो बाई. पावनी हायस तू आज."

पोटभर जेवली. मी तिला खडकपूर्णेच्या पुरातून माझ्या वडिलांनी बैलजोडी कशी पोहत आणली ती गोष्ट सांगितली. तिनं बैलांची नावं विचारून घेतली. मला बरं वाटलं, म्हटलं चला, निभावलं. निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "सर, तुमच्या घरची चिठ्ठी कोनं लिहिली होती?"

"चिंतामण सरांनी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

गोष्ट सांगायचा तिचा नंबर आला तिसऱ्या शनिवारी. मी बैलांची गोष्ट ऐकायला ऐटीत मागच्या बाकावर बसलो होतो. मधले दोन आठवडे सुटीत ती आणि मधुवंती लिंबाखाली डोक्याला डोकं लावून बसलेल्या मला दिसल्या होत्या, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. धम्मशीला फळ्यापाशी उभी राहिली आणि बोलायला लागली.

"मी तवा सव्वीस वर्साची होती. बहात्तरचा दुष्काळ होता. घरचा मानूस कापसाच्या जिनिंगमधी कारकून होता, ती जिनिंग बंद पडली. मले सहा वर्साचा एक पोरगा होता. आमच्या घरच्या बायका कामावर जात नव्हत्या. म्हून मी पापड लाटायले जातो असं घरी सांगो, आन् तोंडावर पदर ओढून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायले जावो. दुपारी तिथं खायले सुकडी भेटे. मी ती खात नव्हती. पदरात बांधून पोरासाठी नेत होती. एक दिवस मले चक्कर आली. डोये उघडले तर माहं डोकं एका बाईच्या मांडीवर होतं. गोजरबाई तिचं नाव, बौद्धपुऱ्यातली. तिनं फडक्यातून भाकर काढली, अर्धी मले देली आन् म्हने, 'खाय वो माय. मी कोनाले सांगत नाही.' मी खाल्ली. मंग चार महिने रोज खाल्ली. तिनं खरंच कोनाले सांगतलं नाही."

चिंतामणराव खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या हातातला खडू केव्हाच मोडला होता.

"दुष्काळ सरला, जिनिंग सुरू झाली, माहं काम सुटलं. एक दिवस मी शेजारच्या बायांसंग बाजारात भाजी घेऊन राह्यली होती. मांगून आवाज आला, 'काय वो माय, बरी हायस ना? पोरगा कसा हाय?' मी वळून पाह्यलं. गोजरबाई होती. मी काहीच नाही बोलली. चालायले लागली. बाया म्हने, कोन होती वो? मी म्हनलं, कोन जाने. गोजरबाईनं परत आवाज नाही देला. आता ती नाही राह्यली. तिच्या घरी जाऊन बसावं असं मले लय वाटे, पन मी गेली नाही. म्हून माह्या मनात हाय, कोनीतरी माह्या घरी यावं, माह्या हातचं खावं, आन् मी तिले हे सांगावं."

ती थांबली. चिंतामणराव काही विचारेनात, म्हणून मधल्या रांगेतून एक पोरगंच ओरडलं, "जेवायले काय होतं?"

"मी जेवली नाही," धम्मशीला म्हणाली.

वर्ग हसला. "गोकुळ सरनं उपाशी ठेवलं," कोणीतरी म्हणालं आणि सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. मुगाची डाळ माझ्या जिभेवर आली होती, पण बोलायचं काय? चिंतामणरावांनी घंटेच्या आधीच वर्ग सोडला.

स्टाफरूममध्ये ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आईनं हे मला कधी सांगितलं नाही, गोकुळराव. मधूला सांगितलं असणार, आणि मधूनं हिला. तो सहा वर्षांचा पोरगा मीच."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

विचारलं नव्हतं. गावातल्या साडेतीनशे घरांतल्या म्हाताऱ्यांकडे पोरं धाडली, स्वतःच्या आईजवळ बसले नाहीत. ते त्या दिवशी घरी गेले आणि आईला विचारलं. म्हातारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "चिठ्ठी टाक म्हणून मधूला मीच सांगितलं होतं, चिंतू. माझं सोवळं तुझ्या वडिलांबरोबरच गेलं. तुला कोणी सांगितलं अजून आहे म्हणून?" आणि पुन्हा ताटात बोटं फिरवत म्हणाली, "त्या मुलीला आण."

हे त्यांनी मला सोमवारी सांगितलं. खरं सांगायचं तर सोवळं आईचं नव्हतंच. ती यांची भीती होती. शेजारचे काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील, उद्या मधूच्या लग्नात कोण काय उकरून काढेल, याची. आईचं म्हातारपण आयतंच पुढं करायला मिळालं. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग आणा तिला," मी म्हणालो.

"आणतो. पण तिला सांगू काय? मी खोटं वाचलं म्हणून?"

"तेच सांगा."

"दिवाळीनंतर आणतो," ते म्हणाले. आधी चाचणी परीक्षा आहे, मग सुट्या आहेत, असं काहीबाही त्यांनी सांगितलं आणि मीही मान डोलावली.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात त्यांची आई दोन दिवसांच्या तापात गेली.

तिसऱ्या दिवशी आठवीचा सगळा वर्ग समाचाराला गेला. आपल्याकडे समाचाराला आलेल्या माणसाला 'या' म्हणत नाहीत, आणि तोही निघताना 'येतो' म्हणत नाही. माणसं मुकाट येतात, बसतात, मुकाट उठून जातात. पोरं एकामागून एक आत गेली आणि सतरंजीवर बसली. धम्मशीला फाटकापाशीच थांबली. चिंतामणराव दारातच बसले होते. त्यांनी तिला पाहिलं, मी त्यांना पाहताना पाहिलं. ते अर्धवट उठले, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बसले. ती त्या घराच्या दारापर्यंत एकदाच आली, आणि त्या दिवशी कोणाला 'ये' म्हणायची रीत नाही. ती तशीच उभी राहिली आणि वर्गाबरोबर परत गेली.

पुढच्या वर्षीपासून खोक्यात पहिली चिठ्ठी वर्गशिक्षकाच्या घरची पडायला लागली. दरवर्षी एक पोर त्यांच्या घरी जायचं, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायचं. गोष्ट चिंतामणराव स्वतः सांगायचे, आईची आणि गोजरबाईची. एकदा त्यांनी मलाही हाताला धरून आत नेलं आणि ओट्यापाशी बसवून चहा दिला. पण खिशात गेलेल्या चिठ्ठीबद्दल ते एकाही पोराला बोलले नाहीत. आईची चूक सांगणं सोपं होतं. ती आता नव्हती.

धम्मशीला दहावी झाली, बुलढाण्याला कॉलेजात गेली, बी.एड. झाली. कधी बाजारात दिसली तर लांबूनच हात जोडायची, "नमस्कार सर." चिंतामणराव म्हणायचे, "बरी आहेस ना?" आणि चालायला लागायचे. मी सोबत असलो की त्यांना ढोसायचो, की अहो, दोन शब्द बोला, घरी बोलवा. ते म्हणायचे, "आता काय तोंडानं बोलवू?" बारा वर्षं त्यांना तोंड सापडलं नाही. मी त्यांच्यावर चिडायचो, भित्रे म्हणायचो. दुसऱ्याला भित्रं म्हणायला मला बरं जमायचं.

त्यांच्या निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी, गेल्या हिवाळ्यात, त्यांनी मला बोलावून एक बंद पाकीट दिलं. धम्मशीला तेव्हा दुसरबीडला एका शाळेत शिकवायला लागली होती, आणि दुसरबीड माझं गाव. भावाकडे शेतीच्या कामाला महिन्यातून एकदा तरी माझी फेरी होते.

"यात ती चिठ्ठी आहे," ते म्हणाले. "तिला द्या आणि सांगा, मी जेवायला बोलावलंय. माझं काय चुकलं ते मी तिला इथं, आईच्या जागेवर बसून सांगेन."

"तुम्हीच फोन करा की."

"धीर होत नाही, गोकुळराव."

मी पाकीट घेतलं आणि डायरीत ठेवलं. त्यानंतर चार वेळा दुसरबीडला गेलो. चारही वेळा त्या शाळेवरून गेलो. एकदा वाटलं शाळा सुटली असेल, एकदा ऊन फार होतं, एकदा भावाला घाई होती. चौथ्या वेळेला काहीच कारण नव्हतं. मला त्या पोरीच्या समोर जायचं नव्हतं, एवढंच. चिठ्ठी दिली की ती विचारणार, सर, तुम्हाला तेव्हा माहीत होतं? फोनवर चिंतामणराव विचारायचे, "दिली का?" मी म्हणायचो, "देतो हो, पळून चालली का ती?"

चैत्रात एका सकाळी ते दाढी करता करता कोसळले. दवाखान्यात न्यायच्या आत संपलं होतं. मधुवंती पुण्याहून आली. दिवसकार्य झाल्यावर स्नेहलतावहिनींना घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

मग मी पाकीट घेऊन निघालो. वेळेवर देता येत होतं तेव्हा दिलं नाही, आणि आता घाई झाली होती.

धम्मशीलाचा तास चालू होता. दारात मला पाहून ती हसली आणि लगेच म्हणाली, "या सर, या." टेबलावर खडूचं खोकं होतं. पोरांनी चिठ्ठ्या टाकून ठेवल्या होत्या. पोरांना वाचायला लावून ती व्हरांड्यात आली. मी पाकीट दिलं. काय सांगायचं ते एस.टी.त शंभरदा घोकलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

तिनं चिठ्ठी उघडली. तेरा वर्षांची घडी, मधोमध विरलेली. मधुवंतीचं आठवीतलं टपोरं अक्षर. तिनं हळू आवाजात वाचलं. नाव, पत्ता. गोष्ट सांगणार : आजी. आजीला कमी ऐकू येते, जवळ बसावे. त्याच्या खाली, नियमात नसलेली एक ओळ होती. आजी म्हणते, घरून जेवून येऊ नको.

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"माह्या हाती हे निघालं होतं, मधूनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "पन ही खालची ओळ तिनं नव्हती सांगतली."

मी रिकामं पाकीट खिशात ठेवलं.

"तिथं आता कोन हाय, सर?"

"कोणी नाही. कुलूप आहे."

"मी दारापर्यंत गेली होती. आजी गेल्या तवा. मले वाटलं, सर म्हनतीन."

"त्या दिवशी 'ये' म्हणत नसतात, बाई," मी म्हणालो.

"ते मले माहीत हाय. बाकीच्या दिवशी म्हनता येत होतं."

मी म्हणालो, "ठेव ती तुझ्याकडे. तुझीच आहे." तिनं चिठ्ठीची जुन्याच घडीवर घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही.

"तुमच्याकडंच राहू द्या, सर. त्या दिवशी तुम्ही बी मागच्या बाकावर होते."

तेवढ्यात जेवणाची सुटी झाली. पोरं डबे घेऊन बाहेर पळाली. धम्मशीला म्हणाली, "चाला, जेवून घ्या. डबा हाय माह्याजवळ, दोघांले पुरते."

"नको," मी म्हणालो, "मी घरून जेवून आलोय."

मी जेवलेलो नव्हतो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिच्यासमोर बसून घास उचलायची लाज वाटली, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बरं." तेराव्या वर्षी माझ्या दारात म्हणाली होती तसंच.

आपण तिला काय उत्तर दिलं, हे एस.टी. गावाबाहेर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी उठलो, दांडीला धरून कंडक्टरपर्यंत गेलो. गाडी थांबवा म्हणायला मला जमलं नाही, आणि मी परत जागेवर येऊन बसलो.